मामाच्या मनगटावरची घडी

जरीपटका, नागपूर
१६ नोव्हेंबर २०२५

धम्मा,

जयभीम. फोनवर तू मले ब्लॉक केलं, तुह्या भाटव्याले, माह्या नागसेनले केलं, तुह्या भाच्याले, ऋषीले केलं, आन जिनं तुह्यं काहीच बिघडवलं नाही त्या रोशनीलेही केलं. आता पोस्टमनले कसा ब्लॉक करतो ते मले पाहाचंच आहे.

विनवण्या कराले लिहून राहिली असं समजू नको. कामाचं विचारायचं आहे, आन ते काम आपल्या खानदानात तुह्याशिवाय कोणाले समजत नाही, नाहीतर तुले कोण विचारते? दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी पेटीतून माही लग्नातली घडी निघाली. एचएमटीची, चाबीची, आपल्या धोंडबामामानं बांधलेली. नर्सिंगची सारी नोकरी मी तिच्याच सेकंदकाट्यावर पेशंटच्या नाड्या मोजल्या. आता चाबी फिरते, पण घडी चालत नाही. हलवली की पाच-सात ठोके देते आन बसते. डायल पिवळी पडली, काचेवर ओरखडे. सांग, हिची सर्व्हिसिंग कराले परवडन का? नागसेन म्हणते, अशी जुनी घडी बाजारात जेवढ्याले भेटते त्याच्याहून जास्त सर्व्हिसिंगचे लागतात, मंग कायले करतेस?

कायले ते सांगते. रोशनीचं लग्न जमलं. ८ फेब्रुवारी, रविवार, आपलंच समाजभवन. पोरगा चांगला आहे, तिच्याच कंपनीत मिहानले जाते, आन मुख्य म्हणजे तिच्यासमोर बोलाच्या आधी विचार करते.

परवा तो घरी आला तर रोशनी त्याले म्हणे, "माह्या हातातली ही पावलं मोजणारी घडी लग्नाच्या दिवशी उतरन. आमच्यात मामा घडी बांधते." त्याले काही समजलं नाही. मंग मलेच सारी गोष्ट सांगावी लागली. धोंडबामामा गिरणीत होता तेव्हा वस्तीत कोणाजवळ घडी नव्हती. फाटकावरचा बाबू म्हणे 'लेट झाला', की लेट झाला. हाजिरी कापली. भांडाचं कशाच्या जोरावर? म्हणून मामानं पोटाले चिमटा काढून घडी घेतली आन ठरवलं की माह्या भाचे-भाच्यांनी टाइम कोणाले विचारायचा नाही. तेव्हापासून आपल्यात लग्नात मामा भाच्याच्या किंवा भाचीच्या मनगटावर घडी बांधते. दुकानातून आणलेली डब्यातली चालत नाही. मामानं निदान महिनाभर स्वतःच्या हातावर चालवलेली पाहिजे. मंग मामा विचारते, "किती वाजले?" आन भाची साऱ्या मांडवाले ऐकू जाईन असं सांगते. एवढंच.

जावई खूश झाला. म्हणे, "मामा कुठं असतात?" आता काय सांगू? सांगितलं, रायपूरले असते, रेल्वेत आहे, फुगून बसला आहे. काहून फुगला तेही सांगितलं. ऋषीच्या लग्नात माइकवाल्यानं "मुलाचे मामा स्टेजवर या" असं तीनदा पुकारलं, आन मामासाहेब बाहेर मोबाइलसमोर घडी धरून सेकंद मिळवून राहिले होते! भवनवाला घाई करून राहिला होता, माइकवाल्यानं समोर बसलेल्या आपल्या चुलतभावाले, गिरिधरले, हात धरून वर घेतलं. त्याच्याजवळ सोनेरी घडीचा डबा होताच. बांधली, फोटो निघाला, टाळ्या वाजल्या, आन तू दारातून आत आला. घडी बराबर लावता लावता माणूस लेट झाला, असं जगात दुसरं कोणी नसन. जावई इतका हसला की चहा सांडला. मी पण हसली. तेव्हा नव्हती हसली.

तेव्हापासून तीन वर्षं तू या घरात पाय ठेवला नाही. मी तुले बोलावून नाही राहिली. गिरिधर आहे, तो तयारच असते. पण पोरगी म्हणते, "धम्मामामा बांधन तर बांधून घेईन, नाहीतर रिकाम्या मनगटानं उभी राहीन." तुह्याच भाचीचा हेका आहे तो, माह्या घरचा नाही.

तर घडीचं तेवढं कळव. परवडन का नाही?

दीक्षाताई


रायपूर
२५ नोव्हेंबर

दीक्षाताईस,

जयभीम. पत्र मिळाले. घडी दुरुस्त करू नये. अशा घड्या लाखांनी निघाल्या, बाजारात त्यांना भाव नाही. डायल पिवळी म्हणजे आत ओल गेली असणार. ओल म्हणजे गंज. परवडत नाही. पेटीत ठेवून द्यावी. रोशनीस आशीर्वाद.

धम्मानंद

ता. क. चाबी जोरात फिरवू नये. स्प्रिंग तुटते.


जरीपटका, नागपूर
३० नोव्हेंबर २०२५

धम्मा,

'करू नये', 'ठेवून द्यावी'! बहिणीले पत्र लिहिलं का पाण्याच्या टाकीवर सूचना लावली? आन घडी कामाचीच नसन तर चाबी जोरात फिरली काय, हळू फिरली काय, तुले काय करायचं आहे? तो ताजा कलम काहून लिहिला मंग?

मी काही तुह्या एका कार्डावर बसणारी नाही. घडी पर्समध्ये घातली आन गांधीबागले गेली. तिथल्या म्हाताऱ्या घडीवाल्यानं डोळ्याले भिंग लावलं, मागचं झाकण न उघडताच भिंग काढलं, म्हणे, "बाई, नवीन घ्या." मी म्हणलं, उघडून तर पाहा. म्हणे, "उघडली की बंद कराले लागते." एवढा आळशी माणूस मी सरकारी दवाखान्यातही पाहिला नाही.

मंग इथं जरीपटक्यात विचारलं. तो म्हणे, आमच्याकडे सेल आन पट्टा, बाकी काही नाही. शेवटी मेट्रोनं सीताबर्डीले गेली. तिथं एकानं निदान झाकण उघडलं. म्हणे, "मावशी, ही मशीन फेकून देऊ. आत सेलची बसवून देतो. बाहेरून डायल तीच, काटे तेच, कोणाले कळणार नाही. रोज चाबी द्यायचीही झंझट नाही." नागसेन सोबत होता, तो लगेच मान हलवाले लागला. म्हणे, "काय वाईट आहे? दिसाले तर तीच राहीन." या माणसासोबत मी पस्तीस वर्षं काढली, धम्मा.

घरी आल्यावर आमचं खूप वाजलं. तो म्हणे, घडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती जास्त, हा कुठला हिशोब? मी म्हणलं, आजकाल साडीपेक्षा ब्लाउजची शिलाई जास्त होते, तरी शिवतोच ना? का बिना ब्लाउजची नेसावी? पण खरं सांगू, मलेही समजून नाही राहिलं. मले ती घडी चालताना पाहाची आहे. पण उगाच जुन्याचा सोस म्हणून पैसे घालवाले मी काही बयाड नाही. जी वस्तू खरंच गेली ती गेली. वार्डात मी कित्येकांच्या नातेवाइकांना हेच समजावलं. फक्त गेली का नाही हे सांगणारा माणूस तरी बराबर पाहिजे. झाकण न उघडता सांगणारा नको, आन रायपूरले बसून पिवळ्या डायलवरून सांगणारा तर बिलकुलच नको.

सीताबर्डीवाल्याले पुढच्या हप्त्यात सांगते म्हणून आली आहे. सेलची टाकून देऊ का मंग? तुले तर तशीही पेटीतच ठेवायची आहे.

रोशनी विचारते, मामाचं कार्ड आलं म्हणजे राग गेला का? मी म्हणलं, अक्षर तर रागाचंच आहे.

दीक्षाताई


रायपूर
५ डिसेंबर

ताई,

खबरदार! सेलवाल्याले हात लावू देऊ नको. त्याच्या गल्लीतूनही जाऊ नको. चांगल्या घड्यांच्या मशीना काढून हे लोक फेकतात आन मंग आम्ही पार्टासाठी वणवण फिरतो. घडी कापसात गुंडाळ, छोट्या डबीत ठेव, डबी हलवून पाहा, आवाज आला तर अजून कापूस घाल. स्पीड पोस्टनं माह्या नावानं पाठव. चाबी देऊ नको.

मी फक्त उघडून पाहतो. याचा दुसरा काही अर्थ काढू नको.

धम्मानंद


जरीपटका, नागपूर
९ डिसेंबर २०२५

धम्मा,

काढला नाही. अर्थ बिलकुल काढला नाही. फक्त कार्ड हातात आलं तेव्हा तुही भाची सोफ्यावर उभी राहून नाचली, पंचवीसच्या वर वय झालं तरी. मी तिले खाली उतरवलं.

सोबत घडी पाठवत आहे. इंजेक्शनच्या जुन्या स्टीलच्या डबीत ठेवली, कापूस निर्जंतुक आहे. हलवून पाहिली, आवाज आला नाही. डबी खोक्यात ठेवली तर आजूबाजूले जागा राहिली, म्हणून अर्धा किलो संत्राबर्फी घातली. त्याचाही अर्थ काढू नको, जागा रिकामी होती म्हणून. पोस्टातली बाई विचारे, "आत काय?" मी म्हणलं, "पेशंट आहे." ती घाबरली. मंग मागच्या लायनीतल्यांनी हसून तिले समजावलं.

आता एक सांगून टाकते. सीताबर्डीवाला सेलचं म्हणाला हे खरं, पण मी त्याले घडी देणारच नव्हती. तुह्यं पत्र किती दिवसात येते ते पाहाचं होतं. पाहिलं.

घडीले काही सवयी आहेत, त्या सांगून ठेवते, पेशंटची हिस्ट्री दिल्याशिवाय मी कोणाच्या हाती केस दिली नाही. थंडीत हळू चालायची. चाबी सकाळी चहाच्या आधी दिली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत चालायची, संध्याकाळी दिली की रुसायची. ऋषी पोटात होता तेव्हा एकदा लेबर रूममध्ये हात धुताना नळाखाली गेली होती, तेव्हा ऊन दाखवलं, चालाले लागली. एकदा नागसेननं तिले तेल टाकतो म्हणून खोबऱ्याचं तेल घेतलं होतं, मी वेळेवर आली म्हणून वाचली. रिटायर झाल्यावर मी चाबी देणं सोडलं. मोबाइल आला हातात, नाड्या मोजायच्या राहिल्या नाहीत.

उघडून पाहा आन खरं सांग. गेली असन तर गेली म्हण. माह्यावरच्या रागापायी चांगलीले वाईट म्हणू नको, आन रोशनीच्या मायेपायी वाईटले चांगली म्हणू नको.

दीक्षाताई


रायपूर
२८ डिसेंबर

ताई,

बर्फी संपली.

घडी उघडली. गंज नाही. मी पहिल्या कार्डात जे लिहिलं ते न पाहताच लिहिलं होतं. तुह्यं पत्र वाचून डोकं तापलं होतं, 'फुगून बसला' काय! डायल पिवळी झाली ती तुह्या मनगटाच्या घामानं आन उन्हानं. आतलं तेल वाळून डिंक झालं होतं, म्हणून पाच-सात ठोक्यावर बसायची. कोणीतरी मागं अख्खी मशीन पेट्रोलमध्ये बुचकळून वरून तेल मारलं होतं. त्याले हे लोक सर्व्हिसिंग म्हणतात. भांडी न घासता वरून पाणी फिरवलं तसं ते.

मी सारी सुटी केली. एक एक चाक धुतलं. एक स्क्रू चिमट्यातून उडाला, मी आन तुही भावजय अस्मिता टॉर्च घेऊन पलंगाखाली, सोफ्याखाली, दोन तास. शेवटी तिच्याच अंबाड्यात सापडला. आता ती मले टेबलाजवळ बसू देते पण स्वतः जवळ येत नाही. स्प्रिंग थकली होती, ती माह्याजवळच्या एका मेलेल्या घडीतून घातली. आज सकाळी चाबी दिली तर बॅलन्सचं चाक असं फिरलं, असं फिरलं ताई, मी अस्मिताले आंघोळीवरून ओरडून बोलावलं. ती वैतागली, पण आली, आन ओल्या केसांनीच वाकून पाहाले लागली.

तू विचारलं होतं, परवडन का? ऐक. आत गंज नाही, बॅलन्स मोकळा आहे, काटे-डायल अस्सल आहेत, कोणी खोटे पार्ट कोंबले नाहीत, तर करायची. मंग बाजारात तिचा काही भाव असो का नसो. गंज असता तर मी नाही म्हणलं असतं. गंज मायेनं जात नाही. बाजारातून रंगवलेल्या डायलची घडी कोणी स्वस्तात आणली आन म्हणलं दुरुस्त कर, तर मी हात जोडतो. ही तशी नाही. ही करायचीच होती.

जानेवारीत पार्सलनं पाठवून देतो. लग्नाचं सांगता येत नाही. ड्यूटी लागते. गिरिधर आहेच, त्याले सांग.

धम्मा


जरीपटका, नागपूर
११ जानेवारी २०२६

धम्मा,

खोटारड्या.

'पार्सलनं पाठवतो' म्हणे! अस्मिताचा फोन आला होता. ती माह्याशी रोज बोलते, तुले माहीत नाही, आता माहीत झालं, तिले काही बोलशील तर याद राख. तिनं सारं सांगितलं. तू दोन हप्त्यांपासून ती लेडीज घडी हातात घालून ड्यूटीले जाऊन राहिला. पट्टा पुरत नाही म्हणून दोन्ही टोकांना दोरा बांधून गाठ मारली. स्टेशनच्या लॉबीतले तुह्यासोबतचे सारे गार्ड हसतात. एकानं विचारलं, "घरवाली की घडी पहन ली क्या?" आन तू म्हणे छाती काढून सांगितलं, "भांजी की है."

मी फोनवरच नाक ओढलं. अस्मिता म्हणे, "ताई, रडून राहिल्या का?" मी म्हणलं, नाही, हसून राहिली. दोन्ही चालू होतं.

पार्सलनं पाठवायची असती तर हातावर काहून चालवली असती? गिरिधरनं बांधायची असती तर गिरिधरच्या हातावर चालली पाहिजे ना? रीत तुले माह्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू यासाठीच घातली आन आता यायचं म्हटलं की पाय मागं घेऊन राहिला. कशाचा एवढा मान अडला आहे तुह्या गळ्यात? माइकवाला चुकला, गिरिधर भोळा आहे, त्याले हात धरून कोणी स्मशानात नेलं तरी जाईन. त्यानं मले स्वतः येऊन सांगितलं की यंदा मी हातात डबा तर काय, रुमालही ठेवणार नाही. आन ऋषी? लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो आला की तो पान पलटवते. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. माय आहे म्हणून मले समजते.

सोबत पत्रिका आहे. खाली नीट वाच. 'मुलीचे मामा' म्हणून एकच नाव छापलं आहे. मोठ्या अक्षरात. छापखानेवाला म्हणे, वधू-वराच्या नावापेक्षा मोठं दिसून राहिलं. मी म्हणलं, दिसू दे.

आता घडीचं नाही, माह्यं सांगते. मले तुही आठवण येते धम्मा. दर भीमजयंतीले आपण रॅलीत सोबत चालत होतो, या तीन वर्षांत मी नागसेनसोबत चालते. तो पाच पावलं पुढं जाते आन मागं वळून पाहात नाही. माय-बाबा गेले, धोंडबामामा गेला, माह्या लहानपणाचं आठवणारं आता तूच एक राहिला. तुह्याशिवाय मले कोणी भांडाले नाही. नागसेनशी काय भांडाचं, तो हारते.

ये. मान हवा तर देते, पान-सुपारी हवी तर देते, पण ये.

तुही ताई


रायपूर
२० जानेवारी

ताई,

पत्रिका मिळाली. अक्षर खरंच फार मोठं आहे. रजेचा अर्ज दिला आहे, मंजूर होईन का सांगता येत नाही. आलोच तर मागच्या रांगेत बसीन. स्टेजवर बोलावू नको. एकदा झालं तेवढं पुरे. लोकांसमोर पुन्हा तसं झालं तर मले सहन नाही होणार. घडी अस्मिताजवळ देईन, ती बांधन.

धम्मा


जरीपटका, नागपूर
९ फेब्रुवारी २०२६

धम्मा,

हे पत्र पोस्टात टाकाचं काम नाही. तू समोरच्या खोलीत दिवाणावर झोपला आहे, जेवून, तोंड उघडं ठेवून. घोरण्याचा आवाज स्वयंपाकघरात येऊन राहिला. पण काही गोष्टी मले तुह्या तोंडावर बोलता येत नाहीत, आन तीन महिन्यात लिहायची सवय लागली. तुह्या बॅगेत ठेवून देते. आन हो, तू मले अजून ब्लॉकमधून काढलंच नाही. ऋषीनं आताच पाहून सांगितलं.

काल तू म्हणल्याप्रमाणं मागच्या रांगेत बसला. पांढरा शर्ट, पूर्ण बाह्या, दोन्ही बाह्यांची बटणं लावलेली. मले वाटलं, नागपूरची थंडी आता याले सोसत नसन. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आन माइकवाल्यानं पुकारलं, "मुलीचे मामा!" मी वळून पाहिलं तर तुही खुर्ची रिकामी. पुन्हा पुकारलं. अस्मिताही उठून इकडंतिकडं पाहाले लागली, घडी तिच्याजवळ नव्हतीच. धम्मा, मले वाटलं, गेला. पुन्हा गेला. रोशनी स्टेजवर रिकामं मनगट धरून उभी. गिरिधर तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

मंग नागसेन धावत आला. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस धावला. म्हणे, "फाटकाजवळ उभा आहे. मोबाइलसमोर घडी धरून सेकंद मिळवून राहिला."

माइकवाला म्हणे, "मॅडम, मंग आता..." आन त्याची नजर पुन्हा समोरच्या रांगेवर फिराले लागली. मी त्याच्या हातून माइकच घेतला. काय बोलली ते मलेही नीट आठवत नाही, लोक सांगतात ते लिहून राहिली. म्हणे मी बोलली, "कोणी जागचं हलाचं नाही. मुलीचा मामा घडी लावून राहिला आहे. तो जोपर्यंत येत नाही तोपर्यंत हे लग्न पुढं सरकणार नाही. ज्याले घाई आहे त्यानं जेवून घ्या." भवनवाला खुणा कराले लागला की उशीर होऊन राहिला. मी म्हणलं, होऊ द्या. कोणीच जेवाले गेलं नाही. एवढी सारी माणसं दाराकडं तोंड करून बसली.

आन तू आत आला. सारे तुह्याकडं पाहून राहिले हे पाहून तू काय केलं आठवते? तू मागं वळून पाहिलं, की मागून कोण आलं म्हणून! तेव्हा अख्खा हॉल हसला. पहिली टाळी गिरिधरनं वाजवली.

स्टेजवर आल्यावर दोऱ्याची गाठ सुटेना. अस्मितानं रोशनीच्या मेकअपवालीची कैची आणली, तेव्हा सुटली. तू बांधली, आन विचारलं, "किती वाजले, पोरी?" "बारा वाजून सात मिनिटं, मामा!" असं ओरडली ती, माइकशिवाय, की बाहेरच्या बुंदीवाल्यानंही ऐकलं असन.

मले वाटलं, झालं. मी डोळे पुसून राहिली होती, आन तू उजव्या हाताच्या बाहीचं बटण काढलं. त्या हातावर दुसरी घडी. तू ऋषीले हाक मारली. म्हणे, "तुह्या लग्नासाठी हातावर चढवली होती बेटा. भाच्याले बांधेपर्यंत मामानं उतरवायची नसते, म्हणून तीन वर्षं उतरवली नाही." धम्मा, तीन वर्षं! आमच्यावर रुसून, आम्हाले ब्लॉक करून, माह्या पोराची घडी रोज सकाळी चाबी देऊन चालवत होता तू! असा कसा रे तू रुसतो? रुसता तरी नीट येते का तुले? ऋषी एवढा बाप्या, त्यानं तुह्या खांद्यावर डोकं टेकवलं आन ते उचललंच नाही. त्याच्या बायकोनं शेवटी त्याले पाणी दिलं. माह्या उभ्या जन्मात मी तेवढी खूश कधी झाली नाही, हे लिहून ठेवते, मंग म्हणशील ताई कधी चांगलं बोलत नाही.

जेवणाच्या वेळचं तर तुले माहीतच आहे, पण तू मान खाली घालून बसला होता, तुले रांग दिसली नसन. भाताची पंगत उठली तशी एक एक बाई घरून येऊन राहिली. सिंधूताई नवऱ्याची घडी घेऊन आली, मागच्या गल्लीतल्या कांताबाईनं तीन आणल्या, एकीनं तर भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं. सारे विचारून राहिले, "मामा, ही कराले परवडन का?" वस्तीतल्या साऱ्या कपाटातल्या मेलेल्या घड्या तुह्या मांडीवर जमा झाल्या. आन तू भिंग डोळ्याले लावून प्रत्येकीले म्हणून राहिला, "हो." कांताबाईची एक तर मी वरून पाहिली, आत नुसता गंज. तरी म्हणे, "ठेवून जा, पाहतो."

मी कानात म्हणलं, "अरे, गंज मायेनं जात नाही म्हणून तूच लिहिलं होतं. एखादीले तरी नाही म्हण."

तू वर पाहिलंही नाही. म्हणे, "तीन वर्षं नाहीच म्हणून राहिलो होतो ताई. थकलो आता."

मी तिथून उठून आली. भाजी वाढाचं निमित्त केलं, पण भाजी वाढली नाही, मसाल्याच्या पातेल्याजवळ उभी राहून मनसोक्त रडली. आचारी म्हणे, "पोरगी गेली म्हणून?" मी म्हणलं, "नाही गा, भाऊ आला म्हणून."

आता शेवटचं. तुह्यं आज संध्याकाळच्या गाडीचं तिकीट मी ऋषीले सांगून कॅन्सल केलं. अस्मिताले विचारलं होतं, ती म्हणे, करा. तुही रजा अजून आठ दिवस आहे, हेही तिनंच सांगितलं. टेबल खिडकीजवळ लावून ठेवलं, घड्या सगळ्या ताटात काढून ठेवल्या, वरून स्वच्छ कपडा टाकला. उठला की भांडजो. पण आधी चहा घे.

ताई